साहेबांच्या तुऱ्यातला गहू

तांबेरा न लागणारा गहू ज्यांच्यामुळे आला त्या साहेबांचा सत्कार मंगरूळच्या शाळेच्या पटांगणात झाला, तेव्हा मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. अध्यक्ष बोलत होते. साहेबांनी एकट्यानं, कोणाची साथ नसताना कशी तपश्चर्या केली, ते हात हलवून सांगत होते. आमचे हे पुरुषांच्या बाजूला पार मागे बसून एवढ्या जोरात टाळ्या वाजवत होते की पुढची माणसं वळून बघत. मी साहेबांच्या फेट्याकडे बघत होते. या वेळी फेट्याला जरीचा तुरा होता. चला, म्हटलं, यात पेरण्याजोगं काही नाही.

असं का म्हटलं ते समजायला बरंच मागे जावं लागेल.

हे शेतकी खात्यात कामदार होते. कामदार म्हणजे पगार थोडका आणि पायपीट मोप. वऱ्हाडात सगळ्या खात्याचं लक्ष कापसावर. कापसाच्या कामदाराला गावोगाव पाट टाकून बसवत. ह्यांच्या वाट्याला आला गहू. आमच्याकडे रोजचं जेवण ज्वारीच्या भाकरीचं. गहू लागतो तो सणाला, पाहुण्याला, नाहीतर देवाच्या रोडग्यांना. ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही अशा पिकावर ह्यांचा जीव जडला. का जडला ते मी विचारलं नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा मलाही कोणी काही विचारलं नव्हतं.

गव्हाचा वैरी तांबेरा. पौष-माघात आभाळ भरून येतं, हवा दमट होते, आणि चांगल्या हिरव्या पानांवर विटकरी ठिपके उठतात. बोट फिरवलं तर हळदकुंकवाच्या करंड्यात घातल्यासारखं लाल होऊन निघतं. मग दाणा भरतच नाही. ओंबी हातावर चोळली तर फोलकटंच निघतात. आमच्या भागातला बन्सी गहू पोळीला गोड, पण तांबेरा दिसायचा अवकाश की मान टाकणार. खपली गव्हाला तांबेरा शिवत नाही, पण तिचं साल मुसळानं कांडून काढावं लागतं, त्यात बाईचे खांदे उतरतात. गहूवाल्या साहेबांच्या मनात आलं की या दोघांचं लग्न लावावं. बन्सीची गोडी घ्यावी आणि खपलीचा चिवटपणा घ्यावा. मनात साहेबांच्या आलं. उन्हात ओणवं राहायचं काम ह्यांच्याकडे आलं.

आसेगावला पाटलांच्या शेताचा एक तुकडा खात्यानं यासाठी घेतला होता. तिथे हे चिमटा घेऊन बसत. बन्सीच्या ओंबीतले केसर एकेक करून उपटायचे, तिच्यावर खपलीचे केसर झटकायचे, आणि दुसरा कुठला वारा लागू नये म्हणून ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची. गावानं तीन दिवस पाहिलं आणि मग नाव ठेवलं. कामदार गव्हाले टोपडे घालते म्हणे.

टोपड्यांच्या बोलण्याला धार होती, कारण आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. विहिरीवर एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरातल्या पोराले टोपडं नाई अन् गव्हाले शिवून राह्यले!" मी घागर खाली ठेवली. म्हटलं, "बाई, तुह्या घरी पाळणे लय हायेत. त्या पोराइले पोयी लागन तवा माह्याच दारात येजो." ती आठ-पंधरा दिवस दुसऱ्या विहिरीवर गेली. मला मात्र घरी आल्यावर रडू आलं, आणि राग आला तो ह्यांचाच. गावानं आपल्याला हसावं म्हणून हा माणूस पिशव्या शिवतो, असं वाटलं.

पण पिशव्यांपर्यंत ठीक होतं. पुढे ह्यांनी गावात रोग आणला. खरंच आणला. कोणती रोपं तांबेऱ्याला पुरून उरतात ते कळायचं तर त्यांच्यावर तांबेरा पडायला हवा. म्हणून हे दुसऱ्या शिवारातून लालभडक पानं फडक्यात बांधून आणत, पाण्यात कुस्करत आणि ते पाणी कडुनिंबाच्या डहाळीनं आपल्या गव्हावर शिंपडत. लोक देवाचं तीर्थ शिंपडतात तसं, अगदी मन लावून. पाटलांनी बांधावरून हे पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "अबे कामदार, तुले सरकार पगार कायचा देते? रोग घालवाचा का रोग लावाचा?"

ह्यांनी शांतपणे समजावलं की तांबेरा दुरून वाऱ्यावर येतो, त्याला माझ्या फडक्याची गरज नाही.

"वारा कायले आणते?" पाटील म्हणाले. "वाऱ्याले काय दुसरे धंदे नाईत? तूच आणून राह्यला!"

त्यानंतर शिवारात कुठल्याही पिकावर कसलाही डाग पडला तरी तो आमच्या नावावर पडे. तुरीवर अळी आली तरी कामदार, मिरची आकसली तरी कामदार.

असे काही हंगाम गेले. दर साली हे शेकडो रोपं लावत, त्यांच्यावर रोग शिंपडत, आणि मेलेल्या रोपांचं सुतक धरून बसत. शेवटी खात्यातून निरोप आला की मंगरूळकडचं गव्हाचं काम आता आवरतं घ्यायचं आहे. साहेब माघात स्वतः येतील; टिकाऊ असं काही त्यांच्या डोळ्यांना दिसलं तर काम चालू, नाहीतर बंद. बंद म्हणजे ह्यांनी उद्यापासून कापसाच्या गाड्या मोजायच्या. हे तीन दिवस नीट जेवले नाहीत. मला कापसाच्या गाड्या चालल्या असत्या, मोजल्यावर कोणी हसत तरी नाही. पण ह्यांचं तोंड बघवत नव्हतं.

आणि नेमका त्याच माघात तांबेरा असा आला की म्हाताऱ्या माणसांनीही तसा पाहिला नव्हता. आसेगावचं अख्खं शिवार लाल झालं. गव्हातून चालून आलेल्या माणसाचं धोतर पोटरीपर्यंत रंगायचं. लोक कपाळाला हात लावून बसले होते, आणि आमचे हे घरी आले ते हसत. आमच्या दारात गाव उभं राहिलं असतं तर मार खाल्ला असता. दार लावून घेऊन मला म्हणाले, "अवं, एक ओळ हिरवी हाय. भोवतालचं सगळं जळालं, तिले ठिपका नाई. ओंब्या अशा भरल्या, अशा भरल्या! चाल, दाखवतो."

मी म्हटलं, "हिरव्या ओळीत पाहाचं काय? भाकरी कोन थापते?" गेले नाही. त्या काळात मला गहू हा शब्द ऐकला की डोकं उठायचं.

साहेब यायच्या दिवशी हे त्यांना आणायला पहाटेच मंगरूळला गेले. जाताना पाटलांना हात जोडून सांगून गेले की आजच्या दिवस तुकड्यात कोणी ढोर जाऊ देऊ नका. पाटील म्हणाले, "ढोर नाई जात. माह्याकडे लागलं."

पाटलांनी शब्द पाळला. ढोर एकही गेलं नाही.

गोष्ट अशी की पाटील आता साहेबांवर खूश होते. मोटारीतून येणारा साहेब मनात आणलं तर शेतसाऱ्यात सूट देऊ शकतो, अशी गावाची खात्री झाली होती. गव्हाचा साहेब वेगळा आणि साऱ्याचा साहेब वेगळा, हे सांगायला कामदार गावात नव्हता. म्हणून मानपानात कमी पडायचं नाही असं ठरलं. विहिरीजवळ मांडव पडला, फेटा आला, नारळ आला. आणि माघात आलेला पाहुणा ओंब्या न खाता शिवेबाहेर गेला तर गावाचं नाक कापलं जातं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. गोवऱ्यांच्या आरावर हिरव्या ओंब्या भाजायच्या, गरम असतानाच सुपात चोळायच्या, फुंकून साफ करायच्या, आणि जवसाच्या चटणीबरोबर समोर ठेवायच्या. या पाहुणचाराला दुसरा पर्याय नाही.

चोळायला आम्ही बायका बसलो होतो. पाटलांच्या गड्यानं भारा आणून टाकला, त्यातल्या चार-सहा जून देठांच्या ओंब्या पाटलीणबाईंनी बाजूला काढल्या आणि बाकीच्या आरावर गेल्या. सुपात आलेला दाणा टपोरा, हिरवागार, मोत्यासारखा. माझ्या शेजारची म्हणाली, "बाई, यंदा अशी ओंबी कोनाच्या वावरात असन?" मी म्हटलं, "पाटलाचं नशीब." आणि जोर लावून चोळत राहिले.

मोटार वेशीतच अडवून साहेबांना मांडवात बसवलं. फेटा बांधला. साहेब गव्हाचे, म्हणून पाटलीणबाईंनी बाजूला काढलेल्या त्या चार-सहा ओंब्यांचा तुरा करून फेट्यात खोवला, आणि सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. मग पानावर ओंब्या आल्या. साहेब बिचारे लांबून आलेले, भुकेले. मूठ भरून तोंडात टाकली, डोळे मिटले, म्हणाले, "वा! काय गोडी आहे!"

आमचे हे साहेबांच्या मागे उभे होते. त्यांनी पानाकडे पाहिलं. मग चालत आमच्याकडे आले, सुपाशेजारी पडलेला एक देठ उचलला आणि उन्हात धरून फिरवून पाहिला. त्याच्यावर लाल ठिपका एकही नव्हता. अख्ख्या शिवारात असा देठ फक्त एका ओळीत होता. हे तिथेच, बायकांमध्ये, जमिनीवर बसले. पुरुष माणूस असा कधी बसत नाही, तेव्हा मला कळलं.

तिकडे साहेब खाता खाता विचारत होते, "पाटील, एवढ्या तांबेऱ्यात ह्या ओंब्या मिळाल्या कुठे?"

"तुमचाच गहू साहेब!" पाटील छाती काढून म्हणाले. "आमचा तं सगळा मेला. तुमच्या तुकड्यात एक ओळ भरली होती, तेवढीच कापली. साहेबाचा गहू साहेबाले खाऊ घातला."

साहेबांचा घास तोंडातच थांबला. आता ते थुंकतात की काय असं मला वाटलं. पण मोठा माणूस. त्यांनी तो नीट चावला, गिळला, आणि पाण्याचा गडवा मागितला.

नंतर सगळे शेतावर गेले, कारण बघायला आले होते ते बघणं भाग होतं. मीही गेले, आता भाकरीचं निमित्त नव्हतं. लाल झालेल्या तुकड्यात मधोमध खुंटांची एक रेघ होती. साहेब तिच्याजवळ उभे राहिले. ह्यांनी सांगितलं की ही ओळ टिकली होती. साहेब ह्यांच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण मी काय लिहू? खुंट पाहिले असं लिहू? आणि चव चांगली होती, ते लिहायला आमच्याकडे जागा नाही."

ह्यांच्या तुकड्याचा निकाल तिथे लागला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं मान खाली असेल. पण हे साहेबांच्या डोक्याकडे बघत होते. टक लावून. साहेब वाकले की ह्यांची नजर वाके, साहेब वळले की नजर वळे. मग मलाही दिसलं. त्या ओळीतलं न भाजलेलं जे काही जगात उरलं होतं, ते साहेबांच्या फेट्यात डुलत होतं.

पण पाहुण्याच्या डोक्यावरचा मानाचा तुरा मागायचा कसा? भर गावात दुसऱ्याच्या फेट्याला हात घातला तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, आणि हा तर वरचा साहेब. हे तर मागणारच नव्हते; जन्मात कधी पगारवाढ मागितली नाही त्या माणसानं. साहेब मोटारीकडे निघाले. हे मागोमाग, तुऱ्याकडे बघत, आपल्याच वरातीत हरवलेल्या नवरदेवासारखे.

देव पावला तो पाटलीणबाईंच्या रूपानं. त्यांना आठवलं की ओंब्यांच्या घाईत औक्षण राहिलंच. न ओवाळता पाहुणा लावून द्यायचा नाही. साहेब आमच्या खात्याचे, म्हणजे माझ्या माहेरचेच धरले, आणि ताट माझ्या हातात आलं. मी कुंकू लावलं, ओवाळलं. साहेबांनी खिशातून रुपया काढून ताटात टाकायला हात पुढे केला. मी ताट मागे ओढलं.

"पैसे नोको मले," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बहिणीनं मागतलं ते भावाले द्या लागते. मले तो तुरा द्या."

पाटील उसळले, "अवो वैनी, मानाचा तुरा हाय तो! काही रीतभात?"

"रीतच सांगून राह्यली मी," मी म्हटलं. "ओवाळणी बहिणीच्या मर्जीची असते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. हात वर नेऊन तुरा उपसला आणि ताटात, निरांजनापासून जरा लांब, ठेवला. सगळं समजून ठेवला की वाऱ्यानं ज्योत हलत होती म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

गावात पुढे सहा महिने माझ्या हावरेपणाची चर्चा होती. रुपया सोडून गवत मागणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

ओंब्या अजून ओल्या होत्या. हे म्हणत, सावलीत हळूहळू वाळल्या तर उगवतील, नाहीतर नाही. माझ्या चुलीमागच्या खुंटीला तो तुरा टांगला गेला आणि त्या दिवसापासून मला त्या बाजूनं फोडणी द्यायची बंदी झाली. दाणे सुकून सुरकुतले. दसऱ्यानंतर पेरणीची वेळ आली, तर खात्याचा तुकडा गेलेला. जागा उरली ती परसातल्या माझ्या सांबाराच्या वाफ्याची. बाहेरची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो, आणि त्याच्याशिवाय आमच्या घशाखाली भाजी उतरत नाही. परसात तेवढाच एक वाफा माझा होता. हे वाफ्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. मागता येत नव्हतंच. मी तणतणत बाहेर आले आणि हाताशी आलेला सांबार मुळासकट उपटून टाकला. म्हटलं, "पेरा. अन् आता भाजीत काय घालू ते बी सांगा."

चारातला एक दाणा उगवला असेल. त्याच्यावरही ह्यांनी पौषात कुठून तरी आणून रोगाचं पाणी शिंपडलं. लोकांच्या दारात तुळस असते, आमच्या परसात तांबेरा होता. तो वाफा मात्र हिरवा राहिला. त्या साली मी सांबाराविना वांगी खाल्ली आणि रोज ह्यांना ऐकवलं.

पुढचं सांगण्यात मजा नाही, सगळं सुरळीत झालं. वाफ्याचं बी पायलीभर झालं, पायलीचं पोतं झालं. हे ते पोतं खांद्यावर घेऊन साहेबांच्या फार्मावर गेले. तिथे त्याला नंबर मिळाला, पुढची निवड झाली, आणि काही वर्षांनी तो गहू सरकारी बियाणं होऊन मंगरूळ, कारंजा, वाशीमकडे गाडीगाडीनं परत आला. नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही. आसेगावात त्याला तुऱ्याचा गहू म्हणतात. पाटलांनी त्याची पहिली पोळी खाल्ली आणि मान हलवून म्हणाले, "बरी हाय. पन त्या साली ओंब्यांले जे गोडी होती ते याले नाई."

तर त्या गव्हाचा हा सत्कार. अध्यक्षांचं झाल्यावर साहेब बोलायला उठले. साहेब वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, या कामात खात्यातल्या अनेकांचा हात आहे. ह्यांनी आजूबाजूच्या लोकांकडे असं बघितलं की जणू नाव घेतलं. 'अनेक' म्हणजे हेच, अशी त्यांची समजूत झाली असावी. मग सवाष्णींनी साहेबांना ओवाळलं, त्यात मीही होते. साहेबांनी माझ्या ताटात रुपया टाकला आणि इतर बायकांकडे पाहिलं तसंच माझ्याकडे पाहिलं. ओळख लागली नाही. मी रुपया घेतला. इतका संताप झाला होता की ताट खाली ठेवताना निरांजन कलंडलं.

जेवणाला त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या होत्या. पुरुषांच्या पंगती आधी बसल्या. बायकांच्या पंगतीपर्यंत पोळ्या पोचल्या नाहीत, वरणभात पोचला.

उन्हं कलताना आमची बैलांची दमणी आसेगावच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी तोच गहू उभा होता. मी तोंड फिरवून बसले होते. ह्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि अर्धी पुरणपोळी काढून माझ्यापुढे धरली. "घे. पंगतीतून ठेवली तुह्यासाठी."

मी म्हटलं, "फेटा त्याहिले, अन् अर्धी पोयी आपल्याले. बरा हिशोब हाय तुमचा. कायले टाया वाजवत होते एवढ्या?"

ह्यांनी पोळी आणखी पुढे केली. "खाऊन तं पाय," म्हणाले. मी एक घास तोडला. हे बैलांकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वास येते का?"

"कायचा?"

"सांबाराचा," हे म्हणाले. "पहिला वाफा तुह्या सांबाराचा होता ना. मले तं अजून येऊन राह्यला, दर पोयीले येते. सभेत सांगणार होतो, पन कोनी विचारलं नाई."

हे गव्हाच्या बाबतीत थट्टा कधी करत नसत. मी सावकाश चावलं. पुरणाचा गूळ लागला, वेलची लागली, उपरण्यातला घामाचा खारटपणाही थोडा लागला. एवढ्या पिढ्या, एवढी शेतं पालटल्यावर माझ्या वाफ्याचा वास त्यात कुठून राहणार? एकदा एका हिरव्या ओळीकडे चल म्हणत होते तेव्हा होतं तसंच तोंड करून हे वाट बघत होते.

"येते," मी म्हटलं.